गिरिजाक्का आणि कापलेलं कार्ड

कोल्हापूरच्या शाहूपुरीत जुने लोक भेटले की कधीतरी गिरिजाक्काचा विषय निघतो, आणि निघाला की कुणीतरी हसत म्हणतंच, "बाई हुशार, पण डोकं लई गरम." हे वाक्य ऐकलं की माझंच डोकं गरम होतं. पित्त असावं तसा तिला रागाचा त्रास होता, अशा सुरात लोक बोलतात. राग कशाचा होता, हे विचारायची तसदी कुणी घेत नाही. मी तिच्याबरोबर बरीच वर्षं काम केलं. ती विनाकारण चिडल्याचं मला एकदाही आठवत नाही. कारणं पुरवणारे आम्ही सगळे होतोच.

ती गडहिंग्लजच्या पलीकडची, पार हद्दीवरची. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हीत आवाज सारखाच मोठा. लहानखुरी, काळीसावळी, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, पदर कमरेला घट्ट खोचलेला. कोल्हापुरातल्या बायकांसारखी तीही "मी जातो, मी बघतो" असंच बोलायची. तिच्यापेक्षा वयानं मोठे लोकही तिला अक्का म्हणायचे. लग्नाचं विचारायची हिंमत कुणी करत नसे. एका नव्या कारकुनानं एकदा केली. "तुझं झालंय न्हवं? मग एकजण सुटली म्हणून बरं वाटू दे की," असं म्हणून तिनं त्याला गार केलं.

कोल्हापूरचा लाडका शब्द म्हणजे 'चालतंय की'. अक्काला तो शब्द सहनच होत नसे. कुणी म्हटलं रे म्हटलं की ती हातातलं काम खाली ठेवायची. "चालतंय म्हंजे काय? बरोबर हाय का चुकीचं, तेवढं सांग. चालायचं काय सांगतोस, लंगडं जनावरबी चालतंय."

पहिल्यांदा मी तिला पाहिलं ते नव्वदीच्या दशकात, शाहूपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये. ती शिकवायची, मी मशीन दुरुस्त करायचो. क्लास पहिल्या मजल्यावर, खाली गुळाची अडत. गुळामुळं मुंग्या जिन्यानं वर यायच्या आणि थेट कीबोर्डात शिरायच्या. अडतवाल्याला सांगून झालं, पावडर टाकून झाली. मग एक दिवस अक्का मुंग्यांनी भरलेला कीबोर्ड घेऊन खाली गेली आणि तो अडतवाल्याच्या पांढऱ्या गादीवर उलटा करून दणादण आपटला. "तुमचा माल वर आलता. मोजून घ्या." दुसऱ्या दिवसापासून अडतवाला ढेपा भिंतीपासून लांब रचायला लागला.

शिकवायची तिची पद्धत एकच होती. मशीनवर चुकीचा संदेश आला की पोरं घाबरून कुठलंतरी बटण दाबायची आणि संदेश घालवायची. अक्का मधे हात घालायची. "आधी वाच. मोठ्यानं वाच. त्यानं तुला कायतरी सांगितलंय. दारात माणूस येऊन बोलायला लागला तर तोंडावर दार लावतोस का?" पोरं अडखळत इंग्रजी वाचायची, ती अर्थ सांगायची आणि मग म्हणायची, "आता कळलं? मशीन कवाच विनाकारण तक्रार करत न्हाय. माणसाचं तसं सांगता येत न्हाय."

त्याच क्लासात वैशाली नावाची एक मुलगी होती. वर्गात सगळ्यांच्या पुढं. परीक्षा चार दिवसांवर आली असताना तिचे वडील आणि मामा आले. मोठे दुकानदार, बोलणं गोड. मुलीला बघायला पाहुणे येणार होते. परीक्षेला पाठवणं जमणार नाही, सर्टिफिकेट तेवढं द्या, म्हणाले.

"परीक्षा न देता?" अक्का म्हणाली.

"आता तिला कुठं नोकरी करायचीया? दाखवायला कागद असला म्हंजे झालं."

"कागद वाटायला मी काय तलाठी हाय?" अक्काचा आवाज खाली अडतीपर्यंत गेला असणार. "पोरीनं जीव टाकून अभ्यास केलाय. तिला येतंय सगळं. आणि तुम्ही तिला न येणाऱ्यांच्या रांगंत बसवताय?"

तिनं वैशालीला मशीनवर बसवलं आणि वडिलांना करून दाखवायला सांगितलं. पोरीनं एक चूक न करता सगळं केलं. वडील बघत राहिले. मला वाटलं, आता ते विरघळतील. ते उठले, "छान छान" म्हणाले आणि पोरीला घेऊन गेले. चार दिवसांनी कळलं, पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या क्लासनं त्यांना कागद दिला. अक्का त्या दिवशी जेवली नाही. डबा तसाच घरी नेला. वैशाली पुन्हा कधी दिसली नाही.

क्लास पुढं बंद पडला आणि आम्ही दोघं एका कंपनीत लागलो. कंपनी म्हणजे शाहूपुरीतल्याच तीन खोल्या. मालक राजाभाऊ. धंदा, गावच्या दूध संस्थांना मशीन बनवून द्यायचा. मशीन दुधाचं वजन आणि फॅट मोजायचं, सभासदाच्या खात्यावर नोंद करायचं आणि चिठ्ठी छापून द्यायचं. त्यात हार्ड डिस्क नव्हती, कारण गावातली धूळ, दमटपणा आणि वीज तिला सोसत नसे. सगळा कारभार काडेपेटीएवढ्या एका मेमरी कार्डावर असायचा. चालवायची यंत्रणाही त्यावर, सभासदांची खातीही त्यावर. अक्कानं एक मूळ कार्ड मन लावून तयार केलं होतं. त्याची पुरी नक्कल संगणकात एका फाइलमध्ये ठेवलेली असे, आणि तिच्यावरून प्रत्येक नव्या मशीनचं कार्ड भरायचं. मी ती मशीनं गावोगाव बसवायचो.

ते मशीन अक्काचं होतं. कागदोपत्री कंपनीचं, पण होतं तिचं. पहाटे उठून म्हैस पिळून किटली घेऊन येणारी बाई आणि तिच्या खात्यावर पडणारा आकडा, यांच्यात आपण उभे आहोत हे ती कधी विसरायची नाही. म्हणून तिनं त्यात एक तपासणी घातली होती. मशीन सुरू होताना आधी कार्ड तपासायचं आणि काही बिघाड दिसला की तिथंच थांबायचं. राजाभाऊंना ते आवडत नसे. मशीन थांबलं की गावाचा फोन यायचा.

दोन हजार सहा-सातच्या सुमारास राजाभाऊंनी कार्डं दुसरीकडून आणली. लेबलावर आकडा तोच, पण आत जागा किंचित कमी. अक्काची नक्कल त्यावर बसेना. कार्ड भरत यायचं आणि शेवटी जागा संपली म्हणून संगणक थांबायचा. नेमकी तेव्हा अक्काची आई आजारी होती, अक्का गावी गेली होती. राजाभाऊंना मशीनं पाठवायची घाई. त्यांनी एका नव्या पोराकडून नक्कल लहान करून घेतली. तो पोरगा महिनाभरात पुण्याला निघून गेला. मशीनं सुरू झाली. राजाभाऊ खूश. अक्का परत आल्यावर त्यांनी तिला एवढंच सांगितलं, "तेवढं बसवलं आम्ही. चालतंय की." ती फाइल दाखवा म्हणाली तर ते बघू, करू, म्हणत राहिले.

दोन महिन्यांनी शाहूवाडीच्या डोंगरातल्या एका गावातून फोन आला. त्या गावात एक वरची वाडी होती. तिथली माणसं संस्थेची नव्यानं सभासद झाली होती. दूध घालायची, चिठ्ठी मिळायची. पण दहा दिवसांचा हिशेब काढला तेव्हा मशीनमध्ये त्यांच्या नोंदी नव्हत्या. खालच्या गावातल्या जुन्या सभासदांच्या सगळ्या होत्या. वरच्या वाडीच्या तेवढ्याच गायब. हातात चिठ्ठी आहे आणि मशीनमध्ये नोंद नाही, याचा अर्थ कुणीतरी मागाहून पुसली. आणि मशीनचा पासवर्ड होता एकट्याकडं, संस्थेचा सेक्रेटरी पांडुरंग खोत याच्याकडं. त्याचं वरच्या वाडीशी शेतात जायच्या पाणंदीवरून पूर्वी भांडणही झालेलं.

गावानं राजाभाऊंना फोनवरच विचारलं, मशीन चुकू शकतं का? राजाभाऊ म्हणाले, "मशीन चुकत न्हाय. ज्याच्याकडं पासवर्ड हाय, त्याला विचारा." मी शेजारी उभा होतो. अजून ते वाक्य माझ्या कानात आहे, आणि अजून त्या माणसाची कॉलर धरावीशी वाटते.

मी कार्ड आणायला गेलो तेव्हा खोताच्या दाराला कुणीतरी शेण फासलं होतं. तो चाळिशीचा, हडकुळा माणूस ओसरीवर बसला होता. मला म्हणाला, "पावणं, माझी आई सकाळी पाण्याला गेली तर बायका आडावरनं बाजूला झाल्या. म्हातारीला काय म्हाईत हो मशीनीचं?" मी कार्ड घेऊन आलो.

अक्कानं आधी त्या कार्डाची जशीच्या तशी नक्कल करून घेतली. "ह्या कार्डाला हात लावायचा न्हाय. पुरावा हाय त्यो." मग नक्कल तपासायला घेतली आणि पहिल्याच झटक्याला इंग्रजीत संदेश आला. तिनं तो मोठ्यानं वाचला. मग मला अर्थ सांगितला. कार्डावरची यंत्रणा म्हणते, माझी जागा इतकी. प्रत्यक्ष कार्ड म्हणतं, माझ्याकडं तेवढी जागाच नाही. दोघांतलं एक खोटं आहे.

"म्हंजे?" मी विचारलं.

"म्हंजे सातबाऱ्यावर दोन एकर, आणि रान दीडच एकर. खातेदार बिचारा सातबारा बघून पेरतोय. शेवटचं बी वढ्यात पडतंय. लहान करायचं तर आधी आतला पसारा आवरून आत घ्यायचा, मग सातबारा दुरुस्त करायचा, आणि मग बांध सरकवायचा. ह्यांनी सरळ बांधच तोडला. शेपूट कापून टाकली."

वरच्या वाडीचे सभासद शेवटी आलेले. त्यांची खाती कार्डाच्या शेवटच्या टोकाला पडली होती, म्हणजे नसलेल्या जागेत. मशीन चालू असेपर्यंत नोंद त्याच्या तात्पुरत्या आठवणीत असायची, म्हणून चिठ्ठी निघायची. मशीन बंद केलं की गेली. खोतानं काही पुसलं नव्हतं. पुसायला तिथं काही उरतच नव्हतं.

"पण मग मशीन सुरू होताना थांबायला पायजे हुतं," ती पुटपुटली. "माझी तपासणी हाय की त्यात." तिनं शोधलं. तपासणी बंद केलेली होती. आपोआप बंद झाली नव्हती, कुणीतरी हातानं बंद केली होती. मशीननं पहिल्याच दिवशी ओरडून सांगितलं असणार, आणि कुणीतरी त्याचं तोंड बांधलं होतं.

ती उठून राजाभाऊंच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं.

"तपासणी कुणी बंद केली?"

"अक्का, बसा की आधी."

"कुणी केली?"

"अहो, प्रत्येक मशीन सुरू हुताना थांबायला लागलं. तसं कसं द्यायचं गिऱ्हाइकाला? मी सांगितलं पोराला, काढून टाक म्हणून."

"त्यानं काय सांगितलं हुतं ते वाचलासा?"

"इंग्लिशमध्ये कायतरी यायचं..."

"वाचलासा का?"

राजाभाऊंनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं. मग हसून म्हणाले, "झालं ते झालं. तुम्ही दुसरं कार्ड करून द्या. हे सुतार जाऊन गुपचूप बदलून येतील. गावाला सांगू, दुरुस्ती केली."

"आणि खोत?"

"त्यांचं त्यांचं गावातलं राजकारण हाय. आपण कशाला पडायचं त्यात?"

अक्कानं त्यांच्याकडं अशी नजर टाकली की मी दारातून बाजूला झालो. ती वळली आणि आपल्या टेबलाकडं गेली.

मग तिनं नव्यानं नक्कल लहान करायला घेतली, चांगल्या मूळ फाइलवरून. आणि पहिल्या खेपेला तिचंही चुकलं. आधी तपासणी न करता आकार कमी करायला गेली, तर संगणकानं नकार दिला. आधी तपास, मग ये. तपासणी झाली, आतली जागा लहान झाली, बाहेरची हद्द सरकवली, उरलेलं कापलं, कार्डावर भरलं. परत तोच संदेश. तिनं टेबलावर मूठ आपटली. "गाढव हाय मी, गाढव!" मग शोधून काढलं. आतली जागा मोजताना आणि बाहेरची हद्द मोजताना तिनं एकच माप धरलं होतं. एक हजाराच्या हिशेबानं मोजत होतं, दुसरं एक हजार चोवीसच्या. दोन्हींत थोडासाच फरक, पण तेवढ्यानं हद्द आतल्या जागेपेक्षा तोकडी झाली होती. तिनं पुन्हा पहिल्यापासून केलं, या वेळी हद्दीला थोडी सैल जागा ठेवली. कार्ड बसलं. तपासणी निर्मळ पार पडली. तिनं तपासणी पुन्हा चालू केली आणि मला म्हणाली, "गाडी काढ."

"गुपचूप बदलायला सांगितलंय, अक्का."

"मी गुपचूप कवा काय केलंय?"

ती मोटारसायकलवर माझ्या मागं बसली आणि आम्ही शाहूवाडीच्या त्या गावात पोचलो. भातलावणी चालू होती, तरी संध्याकाळच्या दुधाला सगळं गाव संस्थेत होतं. चेअरमन, पंच, किटल्या घेतलेल्या बायका, वरच्या वाडीची माणसं. खोताला बोलवायला अक्कानं स्वतः माणूस पाठवला. तो आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. बसला नाही.

"ऐका," अक्का म्हणाली, आणि किटल्यांचा आवाज थांबला. "ह्या माणसानं कायबी पुसल्यालं न्हाय. चूक आमची हाय. आमच्या कंपनीची. कार्ड चुकीचं कापलंय. मशीन पहिल्या दिवशीच सांगत हुतं, आमच्या माणसांनी त्याचं तोंड बंद केलं. चिठ्ठ्या खऱ्या हायत. चिठ्ठीवरनं सगळ्या नोंदी मी आत्ता परत घालतो. समोर बसून बघा."

चेअरमन म्हणाले, "पण तुमचं सायब तर फोनवर म्हणालं..."

"सायब खोटं बोलला," अक्का म्हणाली.

कुजबुज झाली. वरच्या वाडीतली एक म्हातारी पुढं आली आणि पदरातून चिठ्ठ्यांचं चुरगळलेलं पुडकं काढून तिनं अक्काच्या हातात दिलं. मग बाकीच्या आल्या. अक्का मशीनमध्ये नवं कार्ड घालून बसली आणि एकेक नोंद वाचून, ज्याची त्याला दाखवून, परत घालत गेली. काम संपल्यावर चेअरमन खोताकडं वळून जरा हसले. "बरं झालं बाबा. गैरसमज झालता. उद्यापासनं बस की परत खुर्चीवर."

खोत म्हणाला, "न्हाय."

"आरं, आता सगळं मिटलंय की."

"तुमचं मिटलं," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "माझ्या आईनं दाराचं शेण खरवडलं आपल्या हातानं. तवा तुम्ही समोरच्या ओट्यावर बसला हुतासा. माझ्या हातनं चूक झाली असती तर माफ केलं असतं, असंबी तवाच म्हणालासा. चूक झालीच न्हवती. आता मी कशाची माफी घिऊ?"

तो चालता झाला. अक्का त्याच्या मागं धावली. पाणंदीच्या तोंडाशी तिनं त्याला गाठलं. मी थोडा मागं होतो.

"दादा, परत बस त्या खुर्चीवर. त्यांच्या नाकावर टिच्चून बस. न्हायतर त्यांना वाटंल, खोट हुतीच कायतरी."

"अक्का, तुम्ही आलासा, एवढ्या माणसांत बोललासा. त्ये मी इसरायचा न्हाय. पण मला आता ती मशीन नजरंला नको."

ती तिथंच उभी राहिली. परतताना अर्ध्या वाटेत तिनं मला गाडी थांबवायला लावली, उतरली, आणि रस्त्याकडेच्या एका मोरीच्या कठड्यावर बसून मोठमोठ्यानं कानडीत शिव्या देऊ लागली. राजाभाऊंना, चेअरमनना, पुण्याला गेलेल्या त्या पोराला, आणि मला वाटतं स्वतःलाही. मला कानडी थोडीच कळते. मग डोळे पुसून ती गाडीवर बसली.

राजाभाऊंनी तिला कामावरून काढलं नाही. तेवढीही सरळ गोष्ट त्यांना जमली नाही. तिच्याकडून मशीनचं काम काढून घेतलं, बिलं टाइप करायला दिली, आणि शाहूपुरीभर सांगत सुटले की बाईनं कार्डात घोळ घातला आणि आपण तो सांभाळून घेतला. ज्या गावांत तसलीच कार्डं गेली होती तिथं मात्र त्यांनी अक्कानं केलेल्या नव्या नकलेचीच कार्डं घाईघाईनं पाठवली. कुठल्याही गावाला कारण सांगितलं नाही. मी प्रत्येक गावात सांगितलं. माझीही नोकरी पुढं फार टिकली नाही, पण ती गोष्ट वेगळी.

अक्कानं आठवडाभरात राजीनामा टेबलावर टाकला आणि आईकडं निघाली. तिथं जवळच्या बाजारगावात दुरुस्तीचं दुकान काढणार होती. मी तिला एस.टी. स्टँडवर सोडायला गेलो. सामान म्हणजे एक ट्रंक, एक पिशवी आणि गोणपाटात बांधलेला मॉनिटर. मी मॉनिटर टपावर चढवतो म्हणालो तर ती माझ्या अंगावर आली. "टपावर? डोकं हाय का ठिकाणावर?" सबंध प्रवासभर तो मांडीवर घेणार होती. कंडक्टरनं त्याचं वेगळं तिकीट मागितलं, त्याच्याशी भांडली. मग खिडकीपाशी बसली.

गाडी सुटायला वेळ होता. मी खाली उभा होतो. ती बाहेर बघत म्हणाली, "पांडुरंगाचं काय कळलं?"

मी त्या आठवड्यात खोताच्या गावाकडं जाऊन आलो होतो. सांगावं की नको असं झालं. पण तिच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही.

"म्हैस हाय अजून. दूध पलीकडच्या गावाला नेऊन घालतो. डोकीवर किटली घेऊन, घाटी चढून. रोज दोन्ही येळा."

"आणि त्याच्या गावाची संस्था?"

"संस्थेनं तुमच्या मशीनला हार घातलाय," मी म्हणालो. "बरोबर मोजतंय म्हणून."

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मग दोन्ही हातांनी खिडकीची काच धरली आणि खाडकन ओढून घेतली. गाडी हलली तेव्हा काचेमागं ती मांडीवरच्या मॉनिटरला मिठी मारून, मान ताठ करून, समोर बघत बसलेली होती.